अनुदानित वाचनालयांची फेररचना, वाचकांना विचारून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाची बैठक असो की वाचकांचा मेळावा, हे प्रश्न आलटून पालटून येतातच. उत्तरं देणारा मी कुणी अधिकारी नाही. तालुक्याच्या गावी आधी देवघेवीच्या टेबलामागे आणि नंतर कार्यकारी मंडळात बरीच वर्षं काढलेला माणूस आहे. नियम आहे तिथे नियम सांगितलाय. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचा.

आमच्या गावचं वाचनालय सरकारी आहे का?

बहुतेक नाही. बाहेरच्या पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं आणि लोक ते ‘सरकारी’ असं वाचतात. सरकारची स्वतःची ग्रंथालयं आहेत: मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागांच्या ठिकाणची शासकीय विभागीय ग्रंथालयं आणि शासकीय जिल्हा ग्रंथालयं. ती हाताच्या बोटांवर नाही, पण थोडक्यात मोजून संपतात. बाकीची, म्हणजे अकरा हजारांहून जास्त ग्रंथालयं, नोंदणीकृत संस्था चालवतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा या दोन्हींखाली त्यांची नोंदणी असते. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ या कायद्याने त्यांना मान्यता आणि अनुदान मिळतं.

याचा फेररचनेशी थेट संबंध आहे. वाचनालय किती वाजता उघडायचं, कुठलं कपाट कुठे ठेवायचं, कुठली पुस्तकं घ्यायची हे मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयातून ठरत नाही. ते तुमच्या गावातल्या कार्यकारी मंडळात ठरतं. ‘सरकार काही करत नाही’ हे वाक्य वाचनालयाच्या बाबतीत अर्धंच खरं आहे.

मग सरकारनं गावोगावी स्वतःची ग्रंथालयं का नाही काढली?

कारण लोकांनी ती आधीच काढली होती. रत्नागिरीत १८२८ साली, अहमदनगरला १८३८ साली, नाशिकला १८४० साली वाचनालयं सुरू झाली. पुण्यात १८४८ आणि कोल्हापुरात १८५० साली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. सुरुवातीच्या काहींना इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि संस्थानिकांचा हातभार होता, पण टिकवली ती वर्गणीदारांनी.

मुंबई प्रांताच्या सरकारनं १९३९ साली ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिच्या योजनेचा गाभा असा: नवीन इमारती बांधत बसण्यापेक्षा जी ग्रंथालयं चालू आहेत त्यांनाच प्रादेशिक, जिल्हा, तालुका अशी जबाबदारी द्यावी आणि त्यासाठी मदत करावी. १९६७ च्या कायद्यानंही तीच वाट धरली.

त्याआधीच, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. भारतातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा मानतात. आणि त्याच्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, त्यासाठी विल्यम बॉर्डन हा अमेरिकेतला ग्रंथालयतज्ज्ञ आणवला. बडोद्याची रीत मला आजही शहाणपणाची वाटते. गावानं आधी स्वतः ठरावीक रक्कम जमवायची, मग पंचायत आणि राज्य तेवढीच भर घालणार. गावाला वाचनालय हवंय की नाही हे वर्गणीवरूनच कळायचं. प्रश्नावली लागायची नाही.

अनुदान मिळतं तरी किती?

ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. शिवाय जिल्हा, तालुका आणि इतर असे स्तर असतात. पुस्तकांची संख्या, वर्गणीदार, नियतकालिकं, वाचनालय उघडं राहण्याचे तास, कर्मचारी यांवरून वर्ग ठरतो. २०२२ साली मंजूर झालेल्या ६० टक्के वाढीनंतर जिल्हा ‘अ’ वर्गाचं वार्षिक परिरक्षण अनुदान (म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे पैसे) ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार झालं आणि ‘ड’ वर्गाचं ३० हजारांवरून ४८ हजार. ही रक्कम हप्त्यांनी येते आणि तिचा मोठा भाग पगारावर जातो.

आता ‘ड’ वर्गाचं गणित करून बघा. ४८ हजारांतले निम्मे पगाराला धरले तर महिन्याला २ हजार होतात. एवढ्यात ग्रंथपाल ठेवायचा, रोज ठरलेल्या वेळी कुलूप उघडायचं, नोंदवह्या लिहायच्या आणि वर पुन्हा ‘वाचनसंस्कृती’ रुजवायची. खेड्यातलं वाचनालय बंद दिसलं की लोक आधी ग्रंथपालाला नावं ठेवतात. त्या आधी हा आकडा डोळ्यांसमोर आणावा.

फेररचना म्हणजे नक्की काय काय बदलायचं?

माझ्या मते चार गोष्टी: वेळ, जागा, पुस्तकांची खरेदी आणि निर्णय घेणारी माणसं. रंगरंगोटी, नवा बोर्ड, संगणक हे सगळं नंतर. पुष्कळ संस्था उलट्या टोकानं सुरुवात करतात. आमदार निधीतून वरचा मजला उठतो, फीत कापली जाते आणि वाचनालय पूर्वीसारखंच सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ चालू राहतं. त्या वेळात कोण येऊ शकतं? पेन्शनर येतात. शेतावर जाणारी, दुकानात काम करणारी, दुपारी दोन तास मोकळे मिळणाऱ्या बायका, यांच्यासाठी ते वाचनालय बंदच असतं.

लोकांना विचारायचं कसं? प्रश्नावली छापून वाटली तर चालेल?

प्रश्नावली छापा, पण तिच्यावर विसंबू नका. ती वाचनालयातच ठेवली तर भरणारे सगळे वाचनालयात येणारेच असतात, आणि ते म्हणतात, ‘सगळं छान आहे, पंखे वाढवा.’ फॉर्मवर ‘आपण कोणत्या प्रकारची पुस्तके वाचता?’ असा प्रश्न असला की माणूस चरित्र, इतिहास, अध्यात्म यांवर खुणा करतो आणि जाताना रहस्यकथा घेऊन जातो. लोक खोटं बोलतात असं नाही. आपण कसे दिसावं याची प्रत्येकाला थोडी काळजी असतेच.

म्हणून आधी वह्या बघा. देवघेवीच्या नोंदींतून मागच्या वर्षभरात कुठल्या कपाटातली किती पुस्तकं बाहेर गेली ते काढा. संगणक नसला तरी जमतं. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे, तेवढं बघत गेलं तरी पुरतं. कॉलेजची चार मुलं बसवली तर दहा-बारा हजार पुस्तकांचं काम दोन रविवारांत उरकतं. त्याच वेळी दोन आठवडे दर तासाला माणसं मोजा: किती, साधारण कुठल्या वयाची, बायका किती, पेपर वाचणारी किती, पुस्तक बदलणारी किती. मोजणी झाली की कार्यकारी मंडळातले निम्मे वाद आपोआप मिटतात. उरलेले निम्मे वाढतात, पण ते तरी खऱ्या आकड्यांवर होतात.

मग न येणाऱ्यांकडे जा. तेच अवघड आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून बसा, वर शंभर पुस्तकं ठेवा आणि लोक कुठल्या पुस्तकाला हात लावतात ते बघा. बचतगटाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, दूध संकलन केंद्रावर माणसं थांबलेली असतात. तिथे एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही वाचनालयात शेवटचं कधी गेला होता आणि पुन्हा का गेला नाहीत?’ उत्तरं साधी असतात. जिना चढवत नाही. अनामत जास्त आहे. तिथे सगळे म्हातारे बसलेले असतात, आत जायला संकोच वाटतो. गेले तेव्हा बंद होतं. पोरानं पुस्तक फाडलं तर काय, ही भीती. आणि एक उत्तर फार ठिकाणी दबक्या आवाजात मिळतं: ते वाचनालय ‘त्या आळीचं’ आहे. हे ऐकायची तयारी ठेवा. वाचनालय ज्या वाड्यात किंवा ज्या मंदिराच्या आवारात सुरू झालं, तिथे गावातल्या सगळ्यांचे पाय सहज वळत नव्हते, आणि काही ठिकाणी अजूनही वळत नाहीत. असं कळलं तर वाड्याच्या डागडुजीवर खर्च करण्याआधी पुस्तकांची एक पेटी दुसऱ्या वस्तीत, समाजमंदिरात किंवा शाळेत ठेवून बघावी.

शेवटचं राहिलं: जे ऐकलं ते फळ्यावर लिहा. कुठल्या सूचना आल्या, कुठल्या मान्य केल्या, कुठल्या नाही आणि का. ‘रविवारी उघडे ठेवा’ ही मागणी मान्य करता येत नसेल तर दुसऱ्या माणसाच्या पगाराला पैसे नाहीत, असं स्पष्ट लिहावं. मी पाहिलंय, ते वाचून पगाराला वर्गणी काढणारे वाचक निघतात.

स्पर्धा परीक्षेची मुलं सगळी जागा अडवतात. त्यांचं काय करायचं?

सध्या सगळ्यात तापलेला प्रश्न हाच आहे. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची मुलं सकाळी सातला येऊन खुर्चीवर पिशवी ठेवतात आणि रात्री दिवे घालवेपर्यंत उठत नाहीत. ती वाचनालयातलं एकही पुस्तक घेत नाहीत, स्वतःची आणतात. जुने वाचक म्हणतात, ही धर्मशाळा झाली. मुलं म्हणतात, घरी दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, आम्ही बसायचं कुठे?

दोघांचंही खरं आहे. पण वाचनालयाचा हिशेब सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करावी: कित्येक संस्था आज अभ्यासिकेच्या मासिक फीवर तगून आहेत. अनुदानाचा हप्ता लांबतो तेव्हा विजेचं बिल त्याच पैशांतून भरलं जातं. पाहुणा म्हणून आलेला घरचा कर्ता झालाय आणि त्याला आपण अजून ओसरीवर बसवतोय.

फेररचनेत अभ्यासिकेची जागा वेगळी काढा. एकाच दालनात दोन्ही ठेवलं तर ‘शांतता राखा’ या पाटीखाली मुलं जिंकतात, कारण त्यांना खरोखरच शांतता लागते, आणि लहान मुलांना किंवा गप्पा मारत पुस्तक निवडणाऱ्या बायकांना बाहेर पडावं लागतं. दुसरी खोली नसेल तर वेळ वाटून घ्या. दुपारी दोन ते चार बालविभाग आणि महिला, तेवढ्या वेळात अभ्यासिका बंद किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली. हे ठरवताना मुलांचे दोन प्रतिनिधी बैठकीत हवेत, त्यातली एक मुलगी असावी. रात्री अभ्यासिका उघडी ठेवायची तर बाहेरचा दिवा, स्वच्छतागृह आणि घरी जायचा रस्ता यांचा प्रश्न तीच आधी मांडेल. मंडळातल्या कुणाच्या ते लक्षातही येणार नाही.

फीचं एक सांगतो. अभ्यासिकेच्या सभासदाला पुस्तकं घरी न्यायचा हक्कही त्याच फीत द्या. दहातला एक जरी कादंबरी घेऊन गेला तरी नफाच.

कुठली पुस्तकं घ्यायची हे वाचकांनी ठरवायचं? मग दर्जाचं काय?

पुस्तकं तीन वाटांनी येतात. पहिली, संस्था अनुदानातून आणि वर्गणीतून स्वतः विकत घेते. दुसरी, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून. १९७२ साली स्थापन झालेली ही केंद्राची संस्था राज्यांच्या बरोबरीनं पैसे घालून समान निधी योजना राबवते, शिवाय राज्याच्या वाट्याशिवाय चालणारी तिची असमान निधी योजनाही आहे. तिसरी वाट भेटीची: कुणी वारलं की घरची मंडळी पोतं भरून पुस्तकं आणून देतात.

वाचकांचा हात पहिल्या वाटेवर पोचू शकतो आणि नेमका तिथेच तो सहसा पोचत नाही. अनुदानाचा हप्ता वर्ष संपता संपता येतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, आणि मग जास्तीत जास्त सवलत देणाऱ्याकडून गठ्ठा उचलला जातो. गठ्ठ्यात काय असतं ते उघडल्यावर कळतं. संख्या भरते, वर्ग टिकतो, आणि कपाटातली ती रांग पुढची दहा वर्षं कुणी हलवत नाही.

यावर उपाय जुनाच आहे, मागणी वही. टेबलावर वही ठेवा, वाचकाला हव्या पुस्तकाचं नाव लिहू द्या, दर तीन महिन्यांनी यादी करा, ती फळ्यावर लावा. पैसे आले की यादी तयार असते, धावपळ होत नाही. खरेदीच्या निम्म्या रकमेवर वाचकांचा हक्क ठेवावा आणि उरलेल्या निम्म्यात ग्रंथपालाला मोकळीक द्यावी. कुणी मागणार नाही पण असायलाच हवं, असं पुस्तक ग्रंथपालालाच ठाऊक असतं. दर्जाची काळजी करणाऱ्यांना एवढंच विचारीन: पन्नास वर्षं दर्जेदार पुस्तकं घेऊन झाली, ती वाचली किती जणांनी?

दिवाळी अंकांची योजना बघा. थोडी ठरावीक रक्कम भरायची आणि महिने दोन महिने पाळीपाळीनं अंक न्यायचे. एरवी वाचनालयाकडे न फिरकणारी घरं त्या काळात सभासद होतात. लोकांना हवं ते, परवडेल त्या पैशात आणि थोड्या मुदतीसाठी देण्याची ही रीत बाकीच्या वर्षातही वापरायला कुणी हरकत घेतलेली नाही.

जुनी, फाटकी पुस्तकं टाकून द्यायची का?

त्याला आपल्याकडे निर्लेखन म्हणतात आणि त्याची रीतसर पद्धत आहे: यादी, कार्यकारी मंडळाचा ठराव, दाखल नोंदवहीत लाल शाईनं नोंद. ही पद्धत न पाळता रद्दीवाल्याला विकलं तर लेखापरीक्षणात अडकाल. पाळायचा कंटाळा केला तर वाळवी ते काम स्वतः करते.

पण निर्लेखनाआधी जाणकार माणसाला कपाटासमोर उभं करा. शंभर वर्षांची मासिकं, गावाच्या नगरपालिकेचे जुने अहवाल, स्थानिक लेखकानं पदरमोड करून छापलेली पुस्तिका यांची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर जुलै २०२१ च्या महापुरात बुडालं. त्याआधी २०१९ साली सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातही कृष्णेचं पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर काय ठेवायचं आणि वर काय, हा फेररचनेतला सगळ्यात स्वस्त निर्णय आहे. नदीकाठच्या गावात तो आधी घ्या: दुर्मीळ ते वर, बाजारात पुन्हा मिळेल ते खाली. वृद्ध वाचकांच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचं पडतं, कारण त्यांना हवं असतं ते खालच्या मजल्यावरच राहतं.

एकाच गावात दोन-तीन अनुदानित वाचनालयं आहेत. ती एकत्र करता येतील?

कायद्यानं येतील. विश्वस्त संस्थांचं एकत्रीकरण करण्याची योजना धर्मादाय आयुक्त सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०-अ खाली मंजूर करू शकतात. माणसांच्या पातळीवर मात्र हे दोन भावांचे वेगळे झालेले संसार पुन्हा एका चुलीवर आणण्यासारखं आहे. प्रत्येक वाचनालयामागे कुणाच्या तरी आजोबांचं नाव असतं, आणि बऱ्याचदा १९८० किंवा १९९० च्या दशकातलं एखादं निवडणुकीचं भांडणही.

काही वाचनालयं कागदावरचीच होती, हेही खरं. २०१२ साली सरकारनं महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी करून घेतली, तेव्हा त्यातली बरीच उघडी पडली. पण त्या पडताळणीपाठोपाठ नवी मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षं थांबली, त्यामुळे चांगलं काम करणारी छोटी वाचनालयं आहे त्याच वर्गात अडकली. बोगसांचा भार प्रामाणिकांवर पडला.

विलीनीकरणाचा विषय काढण्याआधी सामायिक सभासदत्व करून बघा. एका वाचनालयाचं कार्ड दुसऱ्यात चालेल, दोघांनी खरेदी वाटून घ्यायची, एकानं बालविभाग सांभाळायचा आणि दुसऱ्यानं अभ्यासिका. वर्षभर हे नीट चाललं तर पुढचं बोलणं सोपं होतं. नाही चाललं तर निदान कोर्टकज्जे तरी वाचतात.

इतर राज्यांत ग्रंथालय कर आहे म्हणतात. आपल्याकडे का नाही?

आहे, दक्षिणेत. १९४८ च्या मद्रास कायद्यापासून ती पद्धत सुरू झाली. घरपट्टीसारख्या स्थानिक करावर थोडा अधिभार बसवायचा आणि तो ग्रंथालयांना द्यायचा. कर्नाटकात तो ६ टक्के आहे, केरळात ५ टक्के. महाराष्ट्राच्या कायद्यात हा कर नाही. त्याऐवजी राज्यानं दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये द्यावेत अशी तरतूद केली गेली. १९६७ साली ती रक्कम मोठी होती. प्रत्यक्षात सरकार आज त्याच्या कितीतरी पट खर्च करतं, पण तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून मागून घ्यावा लागतो.

कर असला की सगळं सुरळीत होतं असंही समजू नका. वसूल केलेला कर स्थानिक संस्था ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरत नाहीत, ही कर्नाटकातली जुनी तक्रार आहे. केरळकडून घ्यायची गोष्ट मला वेगळीच वाटते. तिथे पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली त्रावणकोरातल्या वाचनालयांचा संघ उभा केला. पुढे १९८९ च्या कायद्यानं ग्रंथालय परिषद आली आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर तिचे प्रतिनिधी वाचनालयांतून निवडून येऊ लागले. आपल्या कायद्यातही राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा ग्रंथालय समित्या आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, एवढं विचारून बघा.

ग्रामपंचायतीकडे वाचनालय द्यावं का?

कर्नाटकानं २०१९ साली साडेपाच हजारांहून अधिक ग्रामीण ग्रंथालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे दिली. पुढे ती मुलांसाठी मोफत खुली झाली, त्यांच्या खोल्या नव्यानं रंगल्या, काही ठिकाणी संगणक आले. तिथे ती मुळात सरकारची होती म्हणून हे जमलं. आपल्याकडे संस्था स्वायत्त आहेत, त्यामुळे हस्तांतर नको, मदत घ्यावी. गावाच्या विकास आराखड्यात वाचनालयाचं दुरुस्तीकाम, वीज, मुलांची पुस्तकं यांची तरतूद ग्रामसभेत मागता येते. सरपंचाला कार्यकारी मंडळाच्या बैठकीला बोलवावं. त्यांचं नाव पाटीवर टाकायची घाई मात्र करू नये, ते बदलतात.

‘पुस्तकांचं गाव’ केलं तर?

महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये २०१७ साली ते सुरू झालं. घराघरांत, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं ठेवली आणि नंतर राज्यात आणखी काही गावं निवडली गेली. भिलारला पर्यटक होते, स्ट्रॉबेरी होती आणि सरकार पाठीशी होतं. तुमच्या गावाला त्यातली एकच कल्पना उचलता येईल: पुस्तक कुणाच्या तरी ओटीवर ठेवायचं आणि त्या घरावर विश्वास टाकायचा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या अशाच विश्वासावर परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या आहेत.

संगणक, ई-पुस्तकं?

जरूर घ्या. ई-ग्रंथालय किंवा कोहा या पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालींपैकी एक निवडा, दोन्हींसाठी परवान्याचे पैसे लागत नाहीत. मात्र नोंदी भरायला माणूस लागतो आणि त्याचा पगार मघाच्याच अनुदानातून निघायचा असतो.

गोवा, बेळगाव, बडोद्याच्या मराठी वाचकांना हे लागू आहे?

कायदे वेगळे आहेत. गोव्याचा ग्रंथालय कायदा १९९३ चा. पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय थेट १८३२ पर्यंत मागे जातं, आणि तिथलं जाळं बरंचसं सरकारी आहे. त्यामुळे तिथे कार्यकारी मंडळाला गाठण्यापेक्षा खात्याला आणि आमदाराला गाठावं लागतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. राज्य बदललं तरी आपलं वाचनालय आपण चालवायचं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. माणसं मोजणं, मागणी वही, बाजारातलं टेबल हे तर कुठेही चालतं.

कार्यकारी मंडळ ऐकतच नसेल तर?

आधी सभासद व्हा. अर्ध्या तक्रारी सभासद नसलेल्यांच्या असतात आणि मंडळाला त्या बाजूला सारणं सोपं जातं. संस्थेच्या घटनेची प्रत मागा, त्यात सर्वसाधारण सभा कधी घ्यायची आणि किती सभासदांच्या सहीनं विशेष सभा बोलावता येते, ते लिहिलेलं असतं. सभेत ठराव मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद होईल ते बघा. हिशेब दाखवत नसतील तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयाला सादर झालेली कागदपत्रं माहिती अधिकारात मागता येतात. धर्मादाय आयुक्तांकडे जाणं हे शेवटचं पाऊल. एकदा तिथे प्रकरण गेलं की पुस्तकांची चर्चा मागे पडते आणि तारखा सुरू होतात. मी एका संस्थेत हे जवळून पाहिलं आहे. वाद मिटेपर्यंत बालविभागाची मुलं कॉलेजात गेली होती.

सुरुवात कधी करावी?

पावसाळ्यात. शेतीची पहिली धांदल सरली की मोजणी आणि बाजारातलं टेबल ही कामं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकतात. ग्रामसभा १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात, तिथे विषय मांडता येतो. दिवाळी अंकांच्या निमित्तानं नवे चेहरे येतात, त्यांना लगेच विचारून घ्या. डिसेंबरपर्यंत मागणी वहीची यादी पक्की करा, म्हणजे मार्चचा गठ्ठा टळतो. नव्या वेळा मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू करा. मुलं मोकळी असतात आणि कुलूप वेळेवर उघडलं की नाही, हे गावात सर्वात आधी त्यांनाच कळतं.